पळीवरचा ट्रंक कॉल

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं.

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

(सप्रेम हा शब्द पत्रात लिहावा लागतो म्हणून लिहिला आहे. पत्र संपेपर्यंत तो कितपत टिकतो ते आपण दोघी मिळून पाहू.) तुमचे गुडघे बरे असतील, व्याह्यांचा खोकला थांबला असेल आणि ते अजूनही औषधाच्या वेळी बरोबर झोपेचं सोंग घेत असतील, असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे तुमची लेक आणि तुमचे जावई रोज सकाळी आठला खुशाल घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी सहाला खुशाल परत येतात. मधल्या वेळात जे घडतं ते माझ्या एकटीवर घडतं. माझा रक्तदाब वाढला आहे, डाव्या चपलेचा पत्ता नाही (त्याबद्दल खाली), आणि काल दुपारी आरशात पाहिलं तर माझ्या भुवयांना पीठ लागलेलं होतं. ते कधी लागलं आणि तसंच मी दूधवाल्याशी किती वेळ भांडत होते, हे आठवायचं मी मुद्दाम टाळते आहे.

वर जी तारीख आणि वेळ लिहिली आहे ती पत्राची नाही, गुन्ह्याची आहे. पत्र मी गुरुवारी लिहिते आहे, कारण मधला एक दिवस मोबाइल पुसण्यात आणि वाळवण्यात गेला. गुन्हा घडला तेव्हा तुम्ही स्वतः लाइनवर होता, त्यामुळे तुम्हाला साक्षीदार म्हणायचं की आरोपी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रोजच्यासारखा तुमचा व्हिडिओ कॉल आला, मी माझा मोबाइल मुनीच्या हातात दिला, तुम्ही "कुठे आहे माझी साखर, आजीला पापा दे" असं म्हणत होता, आणि मग एकाएकी तुमच्याकडे अंधार झाला. तुम्हाला वाटलं असेल, नेटवर्क गेलं. नेटवर्क शाबूत होतं. तुमच्या नातीनं तुम्हाला कपडे भिजवलेल्या बादलीत सोडलं होतं. साबणाच्या फेसातून तुमचा चेहरा खाली जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तळाला टेकेपर्यंत तुम्ही हसत होता. मुनी बादलीवर वाकून एखाद्या न्यायाधीशासारखी बघत राहिली आणि तिनं निकाल दिला, "आजी बुडली." (हे ती मला म्हणाली नाही. बादलीला म्हणाली. मला ती काहीच म्हणत नाही, पण तोही मुद्दा खाली.)

बुडतं की तरंगतं हा खेळ तिला कोणी शिकवला हे मी विचारत नाही. तुम्ही आमच्याकडे महिनाभर राहून गेलात त्याच्या आधी या घरात वस्तू जागच्या जागी असत आणि कोरड्या असत. तुम्ही परातीत पाणी घेतलंत, चमचा टाकलात, बूच टाकलंत, बटण टाकलंत, आणि प्रत्येक वेळी असा चेहरा केलात की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बूच बघता आहात. तुम्ही बुचावर थांबलात. ती थांबली नाही. गेल्या महिनाभरात या घरात काय काय बुडतं ते सिद्ध झालं आहे: माझा चष्मा, तुमच्या लेकीचं घड्याळ, अर्धा पाव (आधी तरंगतो, मग विचार बदलतो), आणि आता तुम्ही. मोबाइल सध्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आहे. तुमचे जावई म्हणतात, तांदूळ पाणी शोषून घेतात. तेव्हा फोन नाही म्हणून पत्र. त्यांच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण मला जे सांगायचं ते तोंडी सांगितलं की तुम्ही हसता. समोर असलात तरी हसता, फोनवरही हसता. आता कागदावर हसून दाखवा.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुमच्या सोयीप्रमाणे तुम्ही मधूनच ऐकता. मुलगी दोन वर्षांची झाली तरी जेमतेम पाच-सहा शब्द बोलत होती, म्हणून तिच्या बापानं लाडानं तिचं नाव मुनी ठेवलं आणि त्या लाडाच्या आड सगळे काळजी करत बसले. मग मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी कान तपासले, कान ठणठणीत निघाले. मी पिशवीतून माझे चित्रांचे पत्ते काढले आणि मी रोज साडेदहा ते अकरा तिला टेबलापाशी बसवून कसं शिकवते ते दाखवायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पत्ते माझ्या हातातून अलगद काढून घेतले (माझ्या वयाच्या बाईच्या हातातून) आणि म्हणाल्या, आजी, एवढ्या लहान मुलाला वर्ग नको, घर पुरे. घरात जे काम चालू असेल त्यात तिला घ्या. भाजी धुवा, मोजे लावा, कपडे वाळत घाला, आणि करता करता बोलत राहा. ती एक शब्द बोलली तर तो उचला आणि त्यात एक आपला घाला. स्क्रीन नको, महागडी खेळणी नकोत. (तुमच्या व्हिडिओ कॉलपुरती त्यांनी सूट दिली, ती आता बादलीनं काढून घेतली.) आणि मग थेट माझ्याकडे बघून: "परीक्षा मात्र घेऊ नका."

मी परीक्षा घेत नव्हते. मी शिकवत होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे, विहीणबाई. आमच्या सिस्टर आम्हाला दातांत पेन्सिल धरून कविता म्हणायला लावत, म्हणजे उच्चार झिजत नाहीत. त्या उच्चारांच्या जोरावर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर नोकरी केली आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. वादळात, संपात, लाइनवर निम्मा आवाज खरखर असतानासुद्धा माझं एक अक्षर कोणी चुकीचं ऐकलेलं नाही. अशा बाईची नात "दू" म्हणते. मी म्हणाले, नीट बोल, "मला दूध हवं आहे" असं म्हण. मुनीनं माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि दुधाचा नाद सोडला. (तिला दूध मी नंतर दिलं. मी राक्षस नाही.) पण पुढच्या आठवड्यात "दू" पण गेलं.

आणि मग तुम्ही आलात. गुडघे दुखतात म्हणणारी बाई पहिल्याच सकाळी माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसली आणि बटाट्यांना आंघोळ घालायला लागली. याचं पोट चोळ, याच्या कानामागे बघ किती माती, हा रडतोय का, याला थंडी वाजते का. मी दारातून म्हटलं की बटाट्याला कान नसतात. तुम्ही म्हणालात, "अहो, तुमच्याशी नाही बोलत तो." आणि तुमची नात हसली. मी हे तक्रार म्हणून नोंदवते आहे. त्या दिवसापासून या घरातली प्रत्येक भाजी आंघोळ केल्याशिवाय पातेल्यात जात नाही. कांद्याला टॉवेल लागतो. परवा पाव ओला होऊन ट्रेमध्ये झोपलेला सापडला, अंगावर माझा रुमाल, आणि मी त्याला हात लावल्यावर जो आकांत झाला तो ऐकून खालचा टेलर कात्री हातात घेऊन वर आला.

टेलरचं दुःख आणखी वेगळं आहे. तुम्ही मोज्यांच्या जोड्या लावायला शिकवल्यात. दोन सारखे शोधायचे, एकमेकांत घालायचे, "जोडी जमली" म्हणून टाळी द्यायची. मोजे संपले. मग मुनीनं इमारतीतल्या बाकीच्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. माझी डावी चप्पल तपकिरी आहे. टेलर दुकानाच्या दाराशी चपला काढून मशीनवर बसतो, त्याचीही डावी चप्पल तपकिरी आहे. आम्ही दुपारी खाली फिरायला जातो, तेवढ्यात जोडी जमली. आता त्या दोन डाव्या चपला कुठे आहेत हे फक्त मुनीला माहीत आहे, आणि मुनी माझ्याशी बोलत नाही. टेलर रोज संध्याकाळी वर येऊन उंबऱ्याशी उभा राहतो आणि म्हणतो, "आजी, घाई नाही, पण उजव्या पायानं किती दिवस चालू?" मी त्याला चहा देते. दुसरं काय देऊ?

आणि रंग. पांढरं पांढऱ्यात, लाल लालमध्ये. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी कपाटाच्या वरच्या फळीवर कुलपात ठेवल्या म्हणून वाचल्या. साबण वाचला नाही. पांढरा आहे म्हणून तो पांढऱ्या तांदळांत गेला आणि मला ते रात्रीचा भात उतू जायला लागल्यावर कळलं, कारण भात फेसानं उतू जात होता. तुमच्या जावयांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आई, आज भात एकदम मोकळा झालाय." जो माणूस साबणाच्या भाताला मोकळा म्हणतो त्याच्या हातात मुलीच्या भवितव्याचा निर्णय आहे, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवा. (मोबाइल पुरला आहे तो त्याच डब्यात. तो सुरू झाला तर सुगंधी होईल.)

आता पळी. पळी हे तुमचं सगळ्यात मोठं पाप आहे, म्हणून शेवटी ठेवलं. खऱ्या फोनवर मुनी बोलत नाही. तुम्हाला महिनाभर फक्त तिचं कपाळ आणि छताचा पंखा दिसला आहे. पण तुम्ही इथे असताना फोडणीची पळी उचललीत, वाटी कानाला, दांडा तोंडाशी, आणि शेजारी बसलेल्या मुलीला फोन लावलात. "हॅलो, मुनीबाई आहेत का? बटाटे झोपले का?" तिनं आमटी-भात बाजूला ठेवून चमचा उचलला आणि उत्तर दिलं. मी ओट्यापाशी उभी होते. ते उत्तर मी ऐकलं. दोन शब्दांचं होतं. अख्ख्या नोकरीत मी लोकांना लोकांशी जोडून दिलं, हजारो मैलांवरचे आवाज आणून दिले, आणि माझ्या स्वतःच्या घरात फोडणीची पळी माझ्यापेक्षा चांगली चालते हे मला त्या दिवशी समजलं.

तुम्ही गेलात, पळी राहिली. मुनी रोज सकाळी, तुमची लेक आणि जावई गेले की, पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसते आणि तुमच्याशी बोलते. सगळं सांगते. मला नाही, तुम्हाला. आणि मागच्या शुक्रवारी तुमची लेक डोकं दुखतं म्हणून तासाभरातच लॅबमधून परत आली. दाराबाहेर किल्ली काढत असताना तिला आतून मुलीचा आवाज ऐकू आला. आजी, पाव भिजला, आजी, टेलर पडला (टेलर पडला नव्हता, एका चपलेमुळे तिरका चालत होता), आजी, लाल बादली, आजी, ये. एकामागून एक. तुमची लेक किल्ली हातात धरून जिन्यातच बसली आणि रडली. मग दार उघडून आत आली, तेव्हा मुनीनं पळी खाली ठेवली आणि तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी दोघांनी माझ्यासमोर बसून ठरवलं. ठरवलं म्हणजे मला विचारलं नाही, सांगितलं. मुनी तुमच्यासाठी झुरते. ती फक्त तुमच्याशी बोलते. मग तिला सहा महिने तुमच्याकडेच ठेवावी, तिथे तिची जीभ मोकळी होईल, शनिवार-रविवार हे दोघे येऊन जातील. "आई, तुलाही आराम मिळेल," असं तुमचे जावई म्हणाले. मला आराम नको आहे. मी निवृत्त झाल्यापासून आरामच करत होते आणि त्याला मी पुरती कंटाळले होते. रविवारी, तेवीस तारखेला, ते तुम्हाला फोन करून विचारणार आहेत. तुम्ही हो म्हणाल हे मला माहीत आहे. तुम्ही कशालाही हो म्हणता.

मी हात टेकले आहेत, विहीणबाई. सकाळी उठते तेव्हाच थकलेली असते. कांद्याला टॉवेल देते, पावाला हळू आवाजात हाक मारते, चष्मा बादलीत शोधते, आणि एवढं करून दिवसभरात त्या मुलीकडून एक शब्द माझ्या वाट्याला येत नाही. तेव्हा माझी मागणी अशी आहे. तुम्ही या घरात जे जे खेळ सुरू करून दिलेत ते प्रत्येक कसे बंद करायचे ते मला लिहून पाठवा. सुरू करायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, बंद करण्याची जबाबदारी तुमची आहे. चष्म्याच्या आणि मोबाइलच्या बाबतीत एक साधा खेदाचा शब्दही लिहिलात तर मी तो स्वीकारीन. व्याह्यांना नमस्कार.

तुमची,
विहीण

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. कुठून सांगायला सुरुवात करावी ते कळेना म्हणून मी बादलीपासून केली. बसला नसाल तर बसा.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुनी पळी कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी?" मग थांबली. परत, "आजी?" आणि परत थांबली. रडली असती तर मी लक्ष दिलं नसतं. रडणाऱ्या मुलांचं मला फारसं काही वाटत नाही. पण ती रडत नव्हती, वाट बघत होती. तुम्हाला हे समजणार नाही, कारण तुम्ही बोर्डावर बसलेल्या नाहीत. बोर्डावर दिवा लागला की हात आपोआप जातो. लाइनवर माणूस ताटकळत असेल आणि पलीकडे कोणी उचलत नसेल तर आम्हाला स्वस्थ बसवत नाही, मग निवृत्त होऊन कितीही वर्षं झालेली असोत. मी आधी नियमाप्रमाणे सांगितलं: आपण मागितलेली लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करावा. तिनं मान डोलावली, पळी खाली ठेवली, आणि थोड्या वेळानं प्रयत्न केला. असा तीनदा केला.

चौथ्या वेळी मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेले, बिस्किटांचा रिकामा डबा तोंडासमोर धरला (डब्यातून आवाज लांबून आल्यासारखा येतो, अगदी जुन्या ट्रंक लाइनसारखा) आणि तुमच्या आवाजात म्हणाले, "कोण बोलतंय, माझी साखर का?"

तुमचा आवाज काढणं अवघड नाही. नाकातून सुरुवात करायची, शेवटचं अक्षर लांबवायचं आणि प्रत्येक वाक्याला विनाकारण हसायचं. अवघड होतं ते पुढचं. ती म्हणाली, "बटाटा आंघोळ." माझ्या आवाजात मी म्हणाले असते, नीट बोल, "बटाट्याला आंघोळ घातली" असं म्हण. पण तुमच्या तोंडी ते शोभलं नसतं. तुम्ही काय म्हणाला असतात ते मी डब्यात तोंड घालून आठवत राहिले आणि मग विचारलं, आंघोळ? गरम पाण्यानं की गार? ती म्हणाली, "गरम. फेस." तेव्हापासून रोज. मला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर मी सकाळी आठ वाजायची वाट बघते. त्या डब्यात मी किती खुळचट बोलले आहे ते तुम्ही ऐकलं असतंत तर माझा मान राहिला नसता. चपला कुठे आहेत हेही तिनं तुम्हालाच सांगितलं: गादीखाली, निजल्या आहेत, उठवायच्या नाहीत. मी बघून आले. शेजारी शेजारी निजल्या आहेत. मी उठवल्या नाहीत. टेलरला चहाबरोबर आता बिस्किटंही देते, डबा रिकामा राहावा म्हणून.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुमची लेक जिन्यात बसून रडली तेव्हा दारामागे डब्यात मी होते. (डब्यातला माझा हळू आवाज जिन्यापर्यंत पोचत नाही, मुनीचा पोचतो.) मुनी तुमच्यासाठी झुरते असं ज्यावरून त्या दोघांनी ठरवलं, ते सगळं माझ्याशी झालेलं बोलणं आहे. मी तिला तुमच्याकडे घालवून बसले आहे, तुमच्याच आवाजात, आणि आवाज इतका हुबेहूब काढला की आता सुटका नाही. तुमच्या लेकीला काय सांगू? की तुझ्या आईची नक्कल मी महिनाभर बिस्किटांच्या डब्यात करते आहे?

तर विनंती अशी. (वर मागणी होती, ही विनंती आहे.) रविवारी त्यांनी विचारलं की नाही म्हणा. आणि त्याआधी मला तसं लिहून पाठवा, म्हणजे मी रविवारपर्यंत जेवू शकेन. तुम्हाला थोडं खोटं बोलावं लागेल. बटाट्यांच्या वेळी तुम्ही तुमचे गुडघे विसरलात, आता आठवा. व्याह्यांचा खोकलाही वापरा.

दुसरा ता. क. तरीही तुम्ही तिला ठेवून घ्यायचं ठरवलंत तर मी अडवू शकत नाही. तिचं बोलणं महत्त्वाचं आहे, माझा दिवस नाही. पण मग तुमच्या नावानं मी काय काय कबूल करून बसले आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं, नाहीतर मूल तुम्हाला खोटारडी समजेल. लाल बादली तुम्ही आणणार आहात. तुमच्या स्वेटरची सगळी बटणं ती स्वतः काढणार आणि स्वतः लावणार, कितीही वेळ लागला तरी. पाण्याचा पंप घरघरतो तेव्हा तो रागावलेला नसतो, त्याला शिंका येत असतात. तसंच सांगत जा, दुसरं काही सांगितलं तर ती घाबरते. पावाला उठवताना आधी हाक मारायची. "हे काय आहे?" असं तिला विचारायचं नाही, तिला माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत असतं हे तिला कळतं. आणि ती "टाटा" म्हणून पळी जमिनीवर आपटते तोपर्यंत तुम्ही फोन ठेवायचा नाही. आधी ती ठेवणार, मग आपण. हे मी तिला शिकवलेलं नाही. तिनं मला शिकवलं आहे.

तिसरा ता. क., शुक्रवार सकाळ. पाकीट बंद करायला घेतलं होतं, परत उघडलं आहे, म्हणून डिंक असा लागला आहे.

आज दोघे कामावर गेल्यावर मी वाटाणे सोलायला बसले. मुनी तिचं छोटं स्टूल ओढत आली, माझ्याशेजारी बसली, पळी कानाला लावली आणि म्हणाली, "आजी? हॅलो?" मी वाटाणे बाजूला ठेवले आणि नेहमीप्रमाणे दारामागे जायला उठले. तिनं माझा पदर धरला. माझ्याकडे बघितलं नाही, पळीतच बोलली. म्हणाली, "तिकडे नको. इथे बोल."

मी परत खाली बसले. डबा ओट्यावर हाताशी होता, तो घेतला (तिच्या डोळ्यांसमोर, विहीणबाई, दुसरं सुचलंच नाही), तोंडासमोर धरला आणि तुमच्या आवाजात सुरुवात केली, "कोण बोलतंय, माझी साखर का?" तिनं पळी कानापासून काढली. आमच्या बोर्डावर नवी मुलगी चुकीच्या लाइनला खुंटी जोडायची तेव्हा मी जशी बघत असे, तशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, नीट बोल."

मी डबा खाली ठेवला. माझ्या स्वतःच्या आवाजात हॅलो म्हटलं. तो इतका घोगरा निघाला की सिस्टरांनी दातांत पेन्सिल दिली असती. मुनीनं पळी परत कानाला लावली आणि बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलली. ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. चालू कॉलमध्ये ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम होता आणि तो मी आजवर मोडलेला नाही.

तुमच्या लेकीला आणि जावयांना हे आज संध्याकाळी सांगायचा विचार आहे, डब्यासकट. त्यांना ते पटेल याची मला अजिबात खात्री नाही, म्हणून वरची विनंती कायम आहे. लेखी उत्तर शनिवार, बावीस तारीख, दुपारी चारच्या आत माझ्या हातात हवं. फोन करू नका. एक फोन तांदळात आहे आणि दुसऱ्यावर मी बोलते आहे.